चव्वेचाळिसावी बंदूक

नसरुद्दीनने आयुष्यात एकदाही बंदूक उडवली नव्हती. पण त्रेचाळीस बंदुका तो नुसत्या स्क्रूवरून ओळखायचा.

स्क्रूवरून ओळखणं ही त्याच्या हाताची सवय. रियाधच्या अल मलाझ भागात, एका शिंप्याच्या आणि एका रसवाल्याच्या मधे, मोबाइल दुरुस्तीचं चिंचोळं दुकान होतं. त्यात तो वीस वर्षं बसला. आधी घड्याळं आणि रेडिओ, मग फोन. गिऱ्हाइकाने फोन पालथा ठेवला तरी तो मॉडेल सांगायचा.

“तोंडं सगळ्यांची सारखीच,” तो म्हणायचा. “वस्तू पाठीवरून कळते.”

बंदुकांचं खूळ लागलं ते मुलामुळे. हाशिर तेव्हा नऊ वर्षांचा होता. दापोलीकडच्या गावात आईबरोबर, दादांबरोबर, म्हणजे आजोबांबरोबर राहायचा. टीव्हीवर ‘लास्ट जेट्टी’ नावाची जपानी कार्टून मालिका लागायची. समुद्रात एक शेवटचा धक्का, आणि तो राखणारी सात-आठ माणसं. प्रत्येकाकडे बंदूक. नसरुद्दीन दर शुक्रवारी नमाजनंतर घरी फोन करायचा. एका शुक्रवारी हाशिरने विचारलं, “अब्बा, त्या लंगड्या खलाशाची बंदूक खरी असते? की चित्रातलीच?”

नसरुद्दीनला काय ठाऊक! पण परदेशातल्या बापाने ‘मला माहीत नाही’ म्हणायचं नसतं. तो म्हणाला, “पुढच्या शुक्रवारी सांगतो.”

आठवडाभर त्याने शोधलं. दुकानात दुरुस्तीला येऊन कुणी परत न नेलेला एक फोन होता, स्पीकर गेलेला. त्यावर त्याने मालिका पाहिली, चित्र थांबवून थांबवून. शुक्रवारी सांगितलं, “खरी आहे. वेब्ली नाव. इंग्रजांची. मधे मोडते, आणि मोडली की सहाही रिकामी काडतुसं एकदम बाहेर पडतात.”

पलीकडे हाशिर किंचाळला. मग फोन टाकून पळाला, मित्रांना सांगायला. नसरुद्दीन रिकामा फोन कानाला लावून उभा राहिला. त्याला फार बरं वाटलं.

तिथून मालिकेत नवी बंदूक दिसली की शुक्रवारी तिची माहिती. त्याने शंभर पानी वही केली. डाव्या पानावर चित्र, उजव्या पानावर माहिती. चित्रात प्रत्येक स्क्रू. तांबड्या केसांच्या स्वयंपाकिणीकडचं माउझर पिस्तूल त्याला सगळ्यात आवडायचं. झाडूच्या दांड्यासारखी मूठ, आणि आख्ख्या पिस्तुलात एकच स्क्रू, तोही मुठीचा. बाकी सगळं एकात एक अडकवलेलं. “असा फोन कुणी काढला तर आमची दुकानं बंद,” तो म्हणायचा. जुळ्या भावांकडे ली-एनफिल्ड रायफली होत्या. एका भागात एकाच्या रायफलीचा बोल्ट ओढायचा दांडा डावीकडे आला. नसरुद्दीनने दोन दिवस डोकं खाजवलं. मग त्या भावाच्या सदऱ्याकडे लक्ष गेलं. खिसाही उलट्या बाजूला होता. चित्रकाराने चित्रच आरशासारखं फिरवून वापरलं होतं. हा शोध त्याने हाशिरला असा सांगितला, जणू चोर पकडला.

या मालिकेत काय बोलतात हे मात्र त्याला कधीच कळलं नाही. फोनला आवाज नव्हता. खलाशी लंगडा कशाने झाला, स्वयंपाकीण कुणाची वाट बघते, त्याला पत्ता नव्हता. त्याने विचारलंही नाही. ते हाशिरला माहीत होतं, आणि दोघांनी काम वाटून घेतल्यासारखं होतं.

वही भरत गेली आणि हाशिर मोठा होत गेला. बाराव्या वर्षी तो “हं” म्हणायला लागला. चौदाव्या वर्षी, “बरं आहे. आईला देतो.” बत्तिसाव्या बंदुकीनंतर नसरुद्दीनने सांगणं थांबवलं. शोधणं थांबवलं नाही. मालिका चालू होती. तो वहीत लिहीत राहिला.

याच सुमारास त्याच्या दुकानात यज्ञेश आला. पुण्याहून मराठी साहित्यात एम. ए. करून आलेला, वडिलांच्या ओळखीने एका कचेरीत फायली लावणारा. फोनची काच फुटली होती. काच बसेपर्यंत त्याने काउंटरवरची वही चाळली आणि विचारलं, “हे काय हो, नसरुद्दीनभाई? पोलिसांनी पाहिलं तर?”

“पोलिसांचे फोनपण मीच दुरुस्त करतो, मास्तर.”

यज्ञेश मास्तर नव्हता. पण नाव पडलं ते पडलं. त्यानेच नसरुद्दीनला सांगितलं की जगात असले वेडे पुष्कळ आहेत. कार्टूनमधली कुठली बंदूक म्हणजे खरी कुठली, याची यादी ठेवणारी एक वेबसाइट आहे. नसरुद्दीन सांगायचा, यज्ञेश इंग्रजीत टाइप करायचा. एकेक नोंद मान्य व्हायची. कुणी फिनलंडहून शाबासकी द्यायचा. नसरुद्दीन ती दोनदा वाचून घ्यायचा. म्हणायचा, “हाशिरला सांगू या कधीतरी.” सांगितलं नाही.

दोन हजार सोळाच्या वसंतात फर्मान निघालं. मोबाइलची विक्री आणि दुरुस्ती यापुढे फक्त सौदी माणसाने करायची. सप्टेंबरनंतर परदेशी माणसाच्या हातात चिमटा दिसला तरी दंड. शेजारचा रसवाला म्हणाला, “आमच्या उसाला कधी हात लावतात बघू.”

दुकानाचा मालक अबू राकान हाच नसरुद्दीनचा कफील, म्हणजे त्याचा व्हिसा याच्याच नावावर. जाडजूड, हळू बोलणारा. वाईट माणूस नव्हता. ऑगस्टमध्ये एका सकाळी तो गावा, म्हणजे अरबी कॉफी, घेऊन आला. छोट्या पेल्यात ओतला. म्हणाला, “नसीर, दोन रस्ते. घरी जायचं तर मी कायमच्या वापसीचे कागद करतो. नाहीतर माझ्या मेहुण्याचं हाइलला गव्हाचं गोदाम आहे. रखवालदार पाहिजे. दोन वर्षांचा करार. पुढच्या गुरुवारी सांग. गुरुवारनंतर माझ्या हातात नाही.”

यज्ञेशला कळलं तेव्हा तो म्हणाला, “रखवालदार! मग बंदूक देणार?”

“शिट्टी देणार,” नसरुद्दीन म्हणाला. दोघेही हसले.

घरी जावं असं त्याला वाटत होतं. पण घरी म्हणजे कुणाकडे? बिलकिसशी त्याचं बोलणं व्हायचं ते कौलांबद्दल, आंब्यांबद्दल, कुणाच्या लग्नाबद्दल. वडील मोहियुद्दीन दोन वर्षांपूर्वी गेले. हाशिर सतरा वर्षांचा. दीड-दोन वर्षांनी महिना-दोन महिन्यांची रजा, एवढाच त्यांचा सहवास. तो मुलगा दाराशी उभा राहील, बॅग आत घेईल, आणि मग? दोघांकडे बोलायला बंदुकांखेरीज काही नव्हतंच. आणि त्याही संपल्या होत्या.

तेवढ्यात चव्वेचाळिसावी आली.

मालिकेच्या नव्या भागात धक्क्यावर एक म्हातारी दाखवली. तिच्या मांडीवर लांब नळीची जुनाट बंदूक. वेबसाइटवाल्यांनी लिहिलं होतं, ‘काल्पनिक’. नसरुद्दीनने चित्र थांबवलं आणि मोठं केलं. बाजूला घोडा. नळीखाली बार ठासायचा गज. दस्ता मनगटाशी तडकलेला, त्यावर पितळी तार गुंडाळलेली. घोड्यामागच्या पत्र्याला दोन स्क्रू, आणि तिसऱ्याच्या जागी ठोकलेला खिळा.

त्याच्या वडिलांची बंदूक अशीच होती.

कोकणात अजूनही असतात, ठासणीच्या. रानडुकरं भातात उतरतात म्हणून शेतकऱ्याला परवाना मिळतो. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की सोडवून आणायची. मोहियुद्दीनने चौदा सालच्या निवडणुकीत ती जमा केली आणि निकालानंतर पंधरा दिवसांत ते वारले. नसरुद्दीन चाळिसाव्याला गेला होता, दहा दिवसांसाठी. बिलकिस म्हणाली होती, “ती बंदूक आणा बाई एकदाची.” तो म्हणाला होता, “पुढच्या खेपेला.” ती अजून तिथेच होती.

यज्ञेशने वेबसाइटला लिहिलं: ही काल्पनिक नाही, हिंदुस्थानातली ठासणीची बंदूक आहे. उत्तर आलं: फोटो पाठवा.

आणि नसरुद्दीनने मनाशी एक ठरवलं. ते त्याने फक्त यज्ञेशला सांगितलं. हाशिरला फोटो काढायला सांगायचं. गुरुवारपर्यंत तो ठाण्यात गेला, तर समजायचं की धागा आहे अजून. घरी जायचं. नाही गेला, तर हाइल.

“पण त्याला हे सांगा ना,” यज्ञेश म्हणाला. “नोकरी सुटतेय, गुरुवारची मुदत आहे, सगळं सांगा.”

“काय सांगू? बापाला हाकललं म्हणून?”

“हाकललं कुठे? कायदा आहे.”

“मास्तर, घरी असलं कळवत नाहीत. इथल्या माणसाने घरी बरं तेच कळवायचं. माझ्या चुलत्याची बोटं मशीनमध्ये गेली. दमाममध्ये. घरच्यांना तो विमानतळावर उतरला तेव्हा कळलं.”

शुक्रवारी नमाजनंतर त्याने फोन लावला. बिलकिसशी कौलांचं झालं. मग हाशिर आला.

“हाशिर, दादांची बंदूक आहे ना, ठाण्यात. तिचा एक फोटो पाहिजे होता. घोड्याच्या अंगाने. स्क्रू दिसले पाहिजेत.”

“कशाला?”

“ते... आपल्या लास्ट जेट्टीत आलीये.”



“अब्बा, तुम्ही अजून ते कार्टून बघता?”

“कधीमधी.”

“मला ठाण्यात कोण उभं करणार? आणि बारावीचे क्लास आहेत.”

“हां. जमलं तर बघ. घाई नाही.”

घाई नाही, असं तो म्हणाला. यज्ञेश शेजारीच बसला होता. त्याने कपाळाला हात लावला.

शनिवार गेला. सोमवार गेला. नसरुद्दीन फोनची पाठ वर करून ठेवायचा आणि थोड्या वेळाने सुलटा करायचा. बुधवारी त्याने आपली हत्यारं पुसून डबीत ठेवली. दुकानात नवा सौदी कारागीर येणार होता, त्याच्यासाठी कुठला स्क्रू कुठल्या खणात ते अरबीत लिहून चिकटवलं. गुरुवारी दुपारी अबू राकान आला. फोन वाजला नव्हता.

“यल्ला, नसीर. काय ठरलं?”

“हाइल,” नसरुद्दीन म्हणाला. आणि सही केली.

रविवारी हाशिरचा फोन आला. आजवर हाशिरने आपणहून कधी फोन केला नव्हता. नसरुद्दीन वळकटी बांधत होता आणि यज्ञेश दोरी धरून उभा होता. नसरुद्दीनला वाटलं, बिलकिसला काही झालं. त्याने घाईने फोन घेऊन स्पीकर लावला.

“अब्बा, मी चारदा गेलो ठाण्यात,” हाशिर भराभरा बोलत होता. “मंगळवारी म्हणाले साहेब नाहीत. गुरुवारी म्हणाले तू लहान आहेस. शुक्रवारी किल्ली नव्हती. आज एक हवालदार भेटले, ते दादांना ओळखत होते. म्हणाले, मोहियुद्दीनचा नातू ना, ये. आत नेऊन दाखवली. चिठ्ठी बांधलीये अजून, दादांच्या नावाची. फोटो काढू दिला नाही. पण मी नीट बघून आलो आणि बाहेर बाकावर बसून चित्र काढलं. पाठवलंय. तार आहे अब्बा! आणि दोन स्क्रू आहेत, तिसरा नाही. तिसऱ्याच्या जागी काय आहे सांगा?”

नसरुद्दीन वळकटीवर बसला.

“सांगा ना.”

“खिळा,” तो म्हणाला.

“खिळा!” हाशिर ओरडला, नऊ वर्षांचा असल्यासारखा. “मी म्हटलंच, अब्बांना माहीत असणार. आणि ऐका, हवालदार म्हणाले वारसाची सही लागते. तुमचीच. वर्षअखेरपर्यंत कुणी आलं नाही तर जिल्ह्याला पाठवतात, तिथे मोडून टाकतात. तर तुम्ही कधी येताय?”

यज्ञेशने आपल्या ओठांवर बोट आपटून दाखवलं. सांगा, सांगा आता तरी. नसरुद्दीनने त्याच्याकडे पाहिलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

“बघतो,” तो म्हणाला. “पुढच्या शुक्रवारी सांगतो.”

फोन ठेवल्यावर यज्ञेश म्हणाला, “अबू राकानला विचारू. आत्ता जाऊ. मी बोलतो त्याच्याशी.”

“कागद हाइलला पोचले, मास्तर. मेहुण्याने इकामापण, राहायचा परवाना, बदलायला टाकला. खलास.”

“तो मंगळवारीच गेला होता हो. मंगळवारी!”

“ऐकलं मी.”

त्याने फोनवरचं चित्र उघडलं. रेघांच्या पानावर बॉलपेनने काढलेलं. घोडा जरा मोठा झाला होता, नळी वाकडी. पण स्क्रू जागच्या जागी होते, आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर खाच कुठल्या दिशेला तीसुद्धा दाखवली होती. ही खोड नसरुद्दीनची. पहिल्या पहिल्या चित्रांचे फोटो तो हाशिरला पाठवायचा तेव्हाची.

संध्याकाळी त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानात चित्राची प्रत काढली आणि वहीत चव्वेचाळिसाव्या बंदुकीच्या डाव्या पानावर चिकटवली. उजव्या पानावर नसरुद्दीनने लिहिलं: ठासणीची. मालक मोहियुद्दीन. पाहणारा हाशिर. वेबसाइटला यज्ञेशने तेच चित्र पाठवलं. हाताने काढलेलं चित्र पुरावा म्हणून चालत नाही, असं उत्तर आलं. नसरुद्दीन म्हणाला, “असू दे.”

हाइलची बस दुपारची होती. वही त्याने यज्ञेशला दिली नाही. वळकटीत गुंडाळून बरोबर नेली. खिडकीजवळ बसला. यज्ञेश खाली उभा राहिला, उन्हात. काचेपलीकडून नसरुद्दीनने खूण केली, जा आता.

पहिल्या शुक्रवारी गोदामाच्या सावलीत बसून त्याने घरी फोन लावला. चारी बाजूंना गव्हाची पोती आणि पलीकडे सपाट, पिवळी जमीन. या वेळी फोन बिलकिसपर्यंत गेलाच नाही. हाशिरने पहिल्या घंटीला घेतला.

“अब्बा, ठरलं? कधी येताय?”

“आधी मला एक सांग,” नसरुद्दीन म्हणाला. “तो खलाशी लंगडा कशाने झाला?”

“तुम्हाला माहीत नाही? इतकी वर्षं बघता ना!”

“आवाज नव्हता रे.”

हाशिर सांगायला लागला. गोष्ट लांब होती. नसरुद्दीनने मधे कुठेच अडवलं नाही.