अर्जातला उजवा कौल

१५ मार्च १९९०. लेकीचा अर्ज भरायचा होता. अर्धी रजा टाकून दुपारी घरी आले, अंगणात वाळत घातलेल्या काजूबिया बाजूला सारल्या आणि तिला पायरीवर बसवले. अर्ज बेळगावकडच्या एका निवासी शाळेचा. शेवटच्या पानावर प्रश्न, प्रत्येकाखाली तीन ओळी. उत्तरे मुलीने स्वतःच्या अक्षरात लिहायची. आधी तिने शिसपेन्सिलीने लिहायचे, मी वाचायचे, मग शाई, असे ठरले होते.

पेडण्याच्या सरकारी कचेरीत मी वर्षानुवर्षे लोकांचे अर्ज तपासले. काय लिहिले की कागद परत येतो, ते मला कळते.

मातृभाषेच्या रकान्यात तिने मराठी लिहिले होते. त्या वर्षांत कोकणी की मराठी, ह्याच एका रकान्यावरून कचेरीतली माणसे चहाला वेगवेगळी जाऊ लागली होती. मी तो तसाच राहू दिला.

‘घरातील माणसांविषयी लिहा.’ तिने लिहिले होते, ‘आई. कचेरीत असते.’ वाढव म्हणणार होते, पण वाढवायला होते काय? तिचे वडील जाऊन चार वर्षे झाली होती. शाळा साडेबाराला सुटायची, माझी बस सहाला यायची. मधला वेळ ती ह्याच पायरीवर काढायची. शेजारीण म्हणायची, “तुझा चेडू दिसभर कोंबयांवांगडा बोलता गो.” पोर दिवसभर कोंबड्यांशी बोलते, म्हणून तर तिला पाठवायचे होते.

पुढचा प्रश्न, ‘तुला या शाळेत का यायचे आहे?’

‘देवाने उजवा कौल दिला म्हणून.’

आमच्याकडे घर बांधायचे असो की मुलगी द्यायची असो, देवाला विचारतात. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मागच्या सोमवारी मीही विचारले होते. लेक बाहेर पाय धूत होती. डावी पडली. गुरव माझ्याकडे बघत राहिला. मी नारळ उचलला आणि बाहेर येऊन तिला सांगितले, उजवा दिला. त्याआधी चार दिवस ती ‘मी जावचंय नाय’ म्हणून ताटावर रुसून बसत होती. त्या दिवशी मुकाट जेवली.

मी खोडरबर उचलला आणि परत ठेवला. तिने तिला ठाऊक होते तेच लिहिले होते. खोटे मी बोलले होते, आणि आता ते तिच्या अक्षरात शाईने जाणार होते.

“डावो पडलेलो,” मी म्हटले.

“काय?”

“कौल.”

“म्हणजे फटी मारलंस? देवाच्या नावान?”

“होय.”

“गुरवाक म्हायत आसा?”

“तेच्या समोरच पडली.”

“आये, तुका पाप लागतला.”

“लागांदे. तू जातलंस काय नाय, तां सांग.”

तिने एक काजूबी उचलून कोंबडीवर भिरकावली. मग विचारले, “आता हय काय लिवू?”

“तुका वाटात तां.”

मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तेव्हा पेन्सिलीचे उत्तर पुसलेले होते. त्या जागी, मला न दाखवता, थेट शाईने लिहिले होते: ‘आई म्हणते म्हणून.’

असा कागद माझ्या टेबलावर आला असता तर मी परत पाठवला असता. मी खाली पालक म्हणून सही केली.

“जातंय मी,” ती म्हणाली. “पण मगे कोंबयांवांगडा तू बोल.”

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हापशाच्या बाजाराचा दिवस; पुन्हा रजा टाकली. पेडण्याच्या पोस्टात सगळे ओळखीचे, पत्ता वाचून चौकशा केल्या असत्या. म्हणून सकाळच्या पहिल्या बसने म्हापशाला गेले, पोस्ट उघडेपर्यंत दारात उभी राहिले आणि अर्ज रजिस्टर केला. मग बाजारात जाऊन पत्र्याची एक पेटी घेतली. येताना बस रिकामी होती. पेटी शेजारच्या सीटवर ठेवली आणि ती घसरू नये म्हणून पेडणे येईपर्यंत तिच्यावर हात धरून बसले.