हाडांच्या दवाखान्यातली लाथ

हाडांच्या दवाखान्यात किस्से फार साचतात, कारण तिथून कुणालाच पटकन उठून जाता येत नाही. कुणाचा पाय टांगलेला, कुणाची मान पट्ट्यात. मग माणूस करणार काय? बोलणार. मी तर कितीतरी दिवस रोज तिथे होतो. माझ्याकडे गोडाऊन भरलंय.

मी तिथे पोचलो शेवभाजीमुळे. आमचा गोल्या म्हणाला, "पंक्या, केळीच्या ट्रकवरून उडी मारून दाखव. शेवभाजी माझ्याकडून." ट्रक घडांनी गच्च भरलेला, वर मी. शहाण्या माणसाने आधी खाली बघितलं असतं. मला शेवभाजी दिसत होती. खाली केळीचं कापलेलं खोड पडलं होतं, आणि ते साबणासारखं गुळगुळीत असतं हे मला हवेत असताना आठवलं.

कोपर गेलं.

मम्मीने जळगावला मणक्याच्या आणि हाडांच्या दवाखान्यात नेलं. तिथले मोठे डॉक्टर, त्यांना सगळे सर म्हणतात. आवाज हेडमास्तरचा, जोक आमच्या लेव्हलचे. त्यांनी विचारलं, "कसा पडला?" मम्मीला ट्रकची लाज वाटली. म्हणाली, "बाथरूममध्ये घसरला." सरांनी माझ्या शर्टावरचे काळे डाग बघितले आणि म्हणाले, "ताई, तुमच्या बाथरूममध्ये नळाला केळीचा चीक येतो का?"

---

प्लॅस्टर घातल्यावर गोल्या भेटायला आला. मी म्हटलं, शेवभाजी कुठंय? त्याने पेन काढलं आणि प्लॅस्टरवरच लिहिलं, "उडी मार म्हटलं होतं. पड म्हटलं नव्हतं."

पुढच्या वेळी सरांनी ते चष्मा वर करून वाचलं. मला वाटलं आता गोल्याला शिव्या बसतील.

"मुद्दा बरोबर आहे," सर म्हणाले.

---

प्लॅस्टर निघालं तर कोपर वाकेना. मग रोज फिजिओथेरपी. तिथल्या मॅडम हसत हसत कोपर वाकवायच्या. मी बोंबललो की म्हणायच्या, "छान." अजून बोंबललो की, "व्हेरी गुड." शाळेत मला एवढे शेरे कधी मिळाले नाहीत.

शेजारच्या पलंगावर अक्का. धुळ्याकडची, गुडघा बदललेला, जळगावला लेकीकडे राहायला आलेली. मॅडमनी तिला सांगितलं होतं की घरी पायाला वाळूची पिशवी बांधायची आणि पाय वर-खाली करायचा. आठ दिवसांत अक्काचा पाय असा सुटला की मॅडम थक्क.

"अक्का, रोज किती वेळ करता?"

"मी कुठे करस? वाळू नही भेटनी, मंग दादर ज्वारीनी पिशवी बांधी. ती पिशवी फाटेल शे. कोंबड्या येतस टोचाले. पाय आपोआप वर जास."

मॅडम म्हणाल्या, हे कुठल्या पुस्तकात नाही. अक्का म्हणाली, कोंबड्यांनी पुस्तक वाचेल नही.

---

समोरच्या पलंगावर नाना. मुक्ताईनगरकडचे केळीवाले. घड उचलता उचलता कमरेचा मणका बिघडला, म्हणून कमरेला पट्टा. पण नानांनी त्या पट्ट्याचं कपाट केलं होतं. मोबाईल त्यात, तंबाखू त्यात, बसचं तिकीट त्यात.

एकदा घाईघाईत त्यांचा एक्सरे पट्ट्यासकट निघाला. नवीन शिकाऊ डॉक्टर तो उजेडाला धरून पळत आला. "सर, यांचं ऑपरेशन आधी कुणीतरी केलंय. मणक्यावर गोल प्लेट टाकलीय."

सरांनी बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ही चुन्याची डबी आहे."

नाना पलंगावरून म्हणाले, "सापडली का? कालपासून शोधून राहिलो."

---

आता माझं. मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना बाकीच्यांचं डोकं आधी येतं, माझे पाय आले. मम्मी हे कौतुकाने सांगते. मास्तर म्हणतात, वाटलंच होतं.

आमच्याकडे कमरेत चमक भरली की पायाळू माणसाची लाथ घेतात. हळूच, पाठीवर. मम्मीने हे अक्काला सांगितलं, आणि अक्काला सांगणं म्हणजे लाऊडस्पीकरला सांगणं. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी लाईन. वॉर्डबॉय, मेडिकलवाले काका, दवाखान्यासमोरचा रिक्षावाला. मोठ्या माणसांना लाथ मारायची आणि वर त्यांनी "बरं वाटलं रे भाऊ" म्हणायचं. असा जॉब मला परत मिळणार नाही.

रिक्षावाला भिंतीकडे तोंड करून उभा, माझा पाय हवेत, आणि मॅडम आत.

"पंकज, तुझा व्यायाम कोपराचा आहे ना?"

---

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. यावेळी जोक नव्हता. म्हणाले, "बाकीच्यांचं सोड. नानांना हात नाही, पाय तर मुळीच नाही लावायचा. त्यांची शीर दबलीय. उजव्या पायाचा अंगठा वर होत नाही. ऑपरेशन लांबलं तर पाय कायमचा लुळा पडेल. त्यात तुझी लाथ बसली तर बघायलाच नको."

मी आपलं हो म्हटलं. पण नाना माझ्याच मागे लागले. त्यांना ऑपरेशनची अशी भीती होती की सही करायचा कागद दिसला तरी लघवीला जायचे.

"भाऊ, एकच मार न. तुले केळीचा घड देतो."

"नाही नाना."

"दोन घड देतो."

"नाना, सर म्हणतात पाय जाईल."

"सरले काय माहीत? सर का पायाळू आहेत?"

मग रुसले. म्हणाले, "राहू दे. आपल्याकडे एक पायाळू बाई आहे. सकाळच्या गाडीने जातो, तिचीच घेतो." पलंगावरून उतरले तर उजवं पाऊल फरशीला घासत होतं. नाना खाली बघतच नव्हते.

---

हे सरांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच फिजिओच्या खोलीत आले. आदल्या दिवशी एका जाड्या पेशंटला सरकवताना त्यांच्या स्वतःच्याच कमरेत चमक भरली होती, त्यामुळे जरा वाकडे चालत होते. नाना पिशवी भरून तयार. मॅडम कागद घेऊन उभ्या. मी कोपर वाकवत होतो, एकदम मन लावून.

"नाना," सर म्हणाले, "लाथेने मणके बरे झाले असते तर आम्ही एवढं शिकलो कशाला? घोडे भाड्याने घेतले असते. शिकल्या-सवरल्या माणसाने असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा का? इकडे बघा, तुमची शीर कुठे दबलीय ते दाखवतो."

आणि नानांचा एमआरआयचा फोटो उजेडाच्या पेटीवर लावायला ते वळले.

पांढराशुभ्र कोट. कमरेच्या जरा वर, मधोमध, काळ्या मातीचा पाय. टाच, तळवा, पाच बोटं, सगळं छापल्यासारखं.

सर तिकडे शीर दाखवत होते. इकडे एकही माणूस शीर बघत नव्हता. मॅडमनी कागद तोंडावर धरला. मी खोलीतला प्लॅस्टिकचा सांगाडा बघत होतो. त्याला किती बरगड्या असतात, हे मला त्याच दिवशी कळलं.

शेवटी अक्काच बोलली. "डॉक्टर, तुमनी पाठवर कोना पाय शे?"

सरांचा हात पेटीवरच राहिला. मग त्यांनी कोट ओढून मागे बघायचा प्रयत्न केला, पण चमक असलेल्या माणसाला तेवढं वळता येत नाही.

नाना पलंगावर टेकले. त्यांनी आधी माझ्या पायांकडे बघितलं. माझे पाय आमच्या वावरातून येतात, धुवून येत नाहीत. मग सरांकडे बघितलं.

"सर, मी हसणार नाही. फक्त खरं सांगा. फरक पडला का?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नाही पडला, नाना."

"जरासाबी?"

"जरासुद्धा नाही. साधी चमक होती, तरी नाही गेली. तुमची तर शीर आहे."

नानांनी उजव्या पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. तो वर करून बघितला. नाही झाला. मग मॅडमकडे हात केला. "आण बाई तो कागद."

चष्मा नव्हता, म्हणून मॅडमनी बोट ठेवलं तिथे नानांनी हळूहळू सही केली. पेन परत देता देता मान वर न करता विचारलं, "एकच घेतली होती न, सर?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी परत बरगड्या मोजायला लागलो.

"दोन," सर म्हणाले. "पहिली काल घेतली. तो कोट धुवायला टाकलाय."