बोलते, पण सांगत नाई
घरातला पहिला पदवीधर मी झालो तो चामोर्शीच्या शाळेतल्या माझ्या मराठीच्या बाईंमुळे. झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की मला गडचिरोलीतली ती बैठक आठवते, जिथे सरकारी समिती पालकांचं म्हणणं ऐकायला बसली होती. स्वमग्नतेच्या, म्हणजे ऑटिझमच्या, निदानाचे निकष बदलण्याचा मसुदा आला होता: पूर्ण वाक्यं बोलणारं मूल यापुढे स्वमग्न धरायचं नाही. म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचं दिव्यांग प्रमाणपत्र जाणार आणि तिला शिकवायला येणारे सरही बंद होणार. ती तिथेही एसटी डेपोतल्या गाड्यांच्या वेळा घडाघडा म्हणत होती. समितीतले डॉक्टर हसले, "ही तर आपल्यापेक्षा छान बोलते!" आई उठली. "बोलते ना साहेब. परवा तापानं अंग भाजून राह्यलं होतं तिचं, पण मले दुखते म्हणून एक शब्द नाई. सिरोंच्याची गाडी कधी सुटते, तेच सांगे." मी तिथेच सतरंजीवर बसून आईचे शब्द जसेच्या तसे हरकतीच्या अर्जात उतरवले, तिचा अंगठा घेतला आणि झेरॉक्स काढून अर्ज दिला. निर्णय आजही लटकलेला आहे, पण त्याच दिवशी मी बाईंना पत्र टाकलं होतं: "बाई, अर्जात रडायचं नसतं, मागायचं असतं, असं तुम्ही शिकवलं. मी मागितलं आहे. मिळेपर्यंत मागत राहीन."