बॅटरी साडूंनी तपासली होती

तो कवळ्या बनवायचा, म्हणून मैदानावर त्याला सगळे कवळीवाले म्हणत. तिथे रिमोटवर उडणारी विमाने येत, पसरलेल्या दोन हातांएवढ्या पंखांची. त्याला लांबचे नीट दिसत नसे. त्यामुळे बांधायचा तो, उडवायचा त्याचा साडू. टाळ्या अर्थात उडवणाऱ्याला.

उड्डाणाआधी बॅटरी त्याला दाखवायची, हा तिथला शिरस्ताच. नुसती मीटरला लावून आलेला आकडा तो मानत नसे. "रिकाम्या तोंडात कुठलीही कवळी बसते हो. काहीतरी कडक चावायला द्या, मग बोलू." कुणाला तरी विमान घट्ट धरायला सांगून तो मोटर पूर्ण जोरात फिरवे आणि व्होल्टेज किती खाली येते ते बघे. ते फार खचले की विमानातला रिसीव्हर बंद पडतो; मग खाली रिमोटशी कितीही झटा, वर ऐकणारे कुणी नसते. थंडीत बॅटरी आणखी लवकर खचते, म्हणून तो ती शर्टाच्या आत पोटाशी धरून आणायचा. "कवळीवाल्यांना दिवस गेलेत," लोक म्हणत. तोही हसे.

प्रदर्शनाच्या सकाळी त्याने बॅटरी तपासली, "चालेल" म्हणाला आणि बायकोशेजारी जाऊन बसला. विमान सरळ उभे चढले. त्याला दिसत होता फक्त ठिपका, पण मोटरचा आवाज ओळखीचा नव्हता. ती कण्हत होती. मग आवाजच थांबला. विमान नाकावर आपटले.

"बॅटरी साडूंनी तपासली होती," साडू जमलेल्यांना सांगत होता. "मी काय करणार?"

कवळीवाला तुकड्यांपाशी बसला. मातीत विमानाच्या नाकावरल्या पंख्याचे पाते रुतले होते, त्याने बसवलेल्यापेक्षा चांगले बोटभर लांब. मोठा पंखा वीज जास्त ओढतो. तपासणी झाल्यावर साडूने पंखा बदलला होता, विमान झपकन वर जावे म्हणून. साडूने वाकून ते पाते उपसले, खिशात घातले. दोघांची नजरानजर झाली. आता सांगेल, कवळीवाल्याला वाटले. साडू रुमालाने हात पुसत राहिला.

"तुम्ही का नाही बोललात?" घरी बायकोने विचारले.

"त्यांनी बोलायचं होतं."

पुढच्या रविवारी कुणी बॅटरी आणली नाही. "राहू द्या काका, घरीच बघितलीय."

मग एका संध्याकाळी साडू त्याच्या कामाच्या खोलीत आला. हातात नवी बॅटरी. "बघून द्या ना. तुमच्याशिवाय माझा कुणावर भरवसा नाही."

"हे मैदानावर म्हणा."

"अहो, घरातल्या घरात कसला मानापमान! किती मनाला लावून घ्याल?"

"पंखा कोणता लावणार?"

"तुम्ही दिलाय तोच."

"त्या दिवशीही तोच होता?"

"तोच की!" साडू डोळ्याला डोळा देऊन म्हणाला.

कवळीवाल्याने बॅटरी मीटरला न लावताच परत केली. "मग माझी तपासणीच चुकली म्हणायची. माझी काय गरज," तो म्हणाला, आणि दिवा जवळ ओढून कुणा परक्या माणसाचे दात घासू लागला.