भुकेली हवा

ठाण्याच्या खाडीवरल्या मिठागरात आमचे मडकेबाबा रोज दुपारी दोन मडक्यांवर दोन तळवे टेकवून, डोळे मिटून बसत. एक मडकं नवं, पाझरणारं. दुसरं वर्षानुवर्षं तेल पिऊन निबर झालेलं, थेंबही बाहेर न सोडणारं. दोन्हींत गोडं पाणी, दोन्ही झोपडीच्या सावलीत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, गृहस्थ कुठल्याशा देवाची आराधना करताहेत. म्हणून मीही अदबीने हात जोडले. डोळे न उघडता ते म्हणाले, “रावसाब, पाया कशाला पडता? पानी हाय त्यात. तहान लागली आसंल त प्या.”

मी मीठखात्यात नवा कारकून होतो. मिशी नुकतीच फुटलेली आणि ज्ञान मात्र ओसंडून चाललेलं. साहेबांनी माझ्या हवाली एक यंत्र केलं होतं: फळीवर पाऱ्याच्या दोन नळ्या, त्यांतल्या एकीच्या टोकाला पाण्याच्या वाटीत सोडलेलं ओलं फडकं. फडक्यातलं पाणी सुकताना ती नळी गार होते. हवा जितकी कोरडी, तितका दोन्ही पाऱ्यांत फरक जास्त. हवेत ओल भरली की फडकं सुकत नाही आणि पारे एका पातळीला येतात. हे मी मिठागरातल्या प्रत्येकाला समजावून सांगत असे. माणूस मिळाला नाही तर बगळ्यांना सांगत असे. बगळे निदान उलट प्रश्न करत नसत.

बाबांचं शास्त्र एकाच वाक्यात मावे. “हवेला पोट आसतं,” ते म्हणत. “ऊन वाढला का पोट मोठा होतो, मंग ती पानी मागते. पहाटंला गारवा आला का पोट आवलतं, मंग पेलेला पानी गवतावर टाकते. त्याला तुमी दंव बोलता.” मी हसलो होतो. त्या रात्री पुस्तक उघडलं, तर तेच चार पानं पसरून लिहिलेलं होतं, आणि पोटाचा दाखला नसल्यामुळे मला निम्मंही कळलं नाही.

आता माझा पराक्रम. वैशाखातली गोष्ट. हंगामातलं शेवटचं मीठ वाफ्यांत धरत होतं. आभाळात चार ढग दिसले आणि मिठागराचे मालक शेट घाबरले. मीठ आज ओढावं, की दोन दिवस पिकू द्यावं? आज ओढलं तर दाणा बारीक आणि चिखलट. थांबावं आणि हवा ओली निघाली, तर सगळंच विरघळून जायचं. मी यंत्र पाहिलं. दोन्ही पारे जवळजवळ एका रेषेत. “हवा तुडुंब भरली आहे,” मी जाहीर केलं. “आजच ओढा.”

मडकेबाबांनी तळवे टेकले. “नाय शेट. हवा उपाशी हाय. ऱ्हाऊ द्या.”

शेटनी एकदा माझ्या नळ्यांकडे आणि एकदा त्या मडक्यांकडे पाहिलं. “म्हाताऱ्या, जेवून येईपर्यंत ठरवा दोघं. पण तू चुकलास तर पुढल्या हंगामाला बांधावर पाय ठेवायचा नाहीस.” आणि ते टेंभी नाक्याकडे घरी गेले.

बाबांचा सारा जन्म त्या बांधावर गेला होता. ते उठले, माझ्या यंत्राभोवती एक फेरी मारली, वाकले आणि नळीचं फडकं जिभेला लावलं. मी किंचाळलोच, “अहो, सरकारी आहे ते!”

ते थुंकले. “खारट हाय. रावसाब, ह्याला पानी कंचा पाजता?”

आता सांगायला हरकत नाही. गोडं पाणी बायका माजिवड्याच्या विहिरीवरून डोक्यावर आणत. ते मागायला झोपडीपर्यंत जाण्याचा मला कंटाळा, म्हणून मी यंत्राची वाटी शेजारच्या वाफ्यात बुडवून भरत होतो. मिठाने फडकं पुठ्ठ्यासारखं ताठ झालं होतं. “खारा पानी हवेला गिलवत नाय,” बाबा म्हणाले. “ती गोड्याची भुकेली.” त्यांनी मडक्यातल्या पाण्याने फडकं चोळचोळून धुतलं, ओलं केलं आणि वाट पाहिली. पारा उतरू लागला. एक रेघ, दोन, पाच, दहा. मग बाबांनी माझे दोन्ही हात धरून मडक्यांवर ठेवले. पाझरणारं बर्फासारखं, तेलकट कोमट. विलायतेहून पेटीत घालून आणलेलं तेच यंत्र या माणसाने कुंभाराकडून आणून आयुष्यभर सावलीत मांडून ठेवलं होतं, आणि मी त्याला बगळ्यांनंतर शिकवायला निघालो होतो!

शेट परतले. “काय ठरलं?” खरं बोलावं तर नोकरी जायची. तेवढ्यात बाबाच म्हणाले, “यंतर बोलला थांबा. मी बी थांबा बोलतो.”

तिसऱ्या दिवशी मीठ निघालं ते टपोरं, पांढरंशुभ्र. माझं कौतुक झालं आणि ते मी निमूटपणे गिळलं. दिवाळीनंतर नवा हंगाम लागला तर बाबा कुठे दिसेनात. शेट म्हणाले, “यंत्र आहे ना आता. म्हाताऱ्याला कशाला राबवू?”

तेव्हा मात्र मी बोललो. फडकं, खारं पाणी, जीभ, सगळं. शेट तसेच माजिवड्याला बाबांच्या घरी गेले आणि त्यांना घेऊन आले. ही हकिकत आठवड्याभरात साहेबांच्या कानी गेली आणि माझी बदली झाली. देशावर, जिथे समुद्र फक्त नकाशात.

निघताना बाबा बांधाच्या टोकापर्यंत आले. “देशावर? तितली हवा लई उपाशी. उतरल्या उतरल्या आदी पानी प्या, मंग मानसांशी बोला.”

बाबा जन्मात कल्याणच्या पलीकडे गेले नव्हते. मी विचारलं, “तुम्हाला कसं ठाऊक?”

“घाटावरनं वारा उतरतो तो आमच्या मिठावरनंच जातो ना,” ते म्हणाले. “किती भुकेला येतो तो, मना ठावं.” आणि डोंगरांकडे तोंड करून, ओळखीच्या माणसाची वाट पाहावी तसे ते उभे राहिले.