कड्याकडे पाठ

आम्ही ज्यांना भाऊ म्हणतो ते जालन्याच्या एमआयडीसीत, बियाण्याच्या कारखान्यात पोत्यांची शिवण तपासतात. महिन्यातून एका शनिवारी आम्हा सात-आठ जणांना मोटारसायकलींवर घेऊन अजिंठ्याच्या रांगेतल्या एका कड्यावर मुक्कामाला नेतात. तंबूचा प्रत्येक दोर दोनदा ओढून बघायचा आणि स्वतःशीच "बराबर" म्हणायचं, ही त्यांची सवय. कुणाच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली की खाली बसून ती बांधून देतात, मग तो कारखान्याचा साहेब असो की माझ्यासारखा मास्तर.

सकाळी मात्र मला त्यांचा रागच यायचा. दरीत ऊन उतरतं, घारी आपल्या पायाखालून उडतात, आम्ही शाळेतल्या पोरांसारखे ओरडतो, आणि हे टोकाच्या अलीकडे, आमच्या पुढ्यात कड्याकडे पाठ करून बसलेले.

गेल्या खेपेला विचारलंच, "भाऊ, एवढं लांब येऊन तुम्ही बघत का नाही?"

"मी तुमचे पाय पाहून राह्यलो, सर. सगळेच खाली पाहू लागले तर मंग पाय कोण पाहणार?"

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. "आज पाय मी बघतो. तुम्ही जा."

त्यांनी स्वतःच्या नाड्या दोनदा ओढल्या, पोटावर झोपले आणि सरकत कड्याच्या टोकाशी गेले. मान बाहेर काढून खाली पाहिलं.

"सर, घारीची पाठ इतकी तांबूस असती का? मी आजवर पोटच पाह्यलं. जल्दी या, अजून एक आली."

जावंसं फार वाटत होतं. पण त्यांचे पाय अजून पुढे सरकत होते, आणि ते बघायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.