कडूबाईनं गंगेत सोडलेली खोळ

सोमवारी संग्रहालय बंद असतंय, पण कडूबाईला सुट्टी नसती. त्याच दिवशी फरशी नीट पुसता येती. तिनं कुलूप काढलं, मोठ्या खोलीत पाय टाकला आन् जागीच थांबली. कोपऱ्यातल्या वीरगळाचा शेंदूर खाली पडला होता.

वीरगळ म्हणजे लढाईत मेलेल्या माणसाच्या नावानं उभा केलेला दगड. हा सोनपेठकडच्या एका गावातला. रस्ता रुंद करताना काढला आन् इथं आणून ठेवला. गावात त्याला भैरोबा म्हणायचे, दरसाल शेंदूर-तेल लावायचे. थरावर थर बसून भाकरीहून जाड झालेला. आता अख्खा सुटला होता, दोन तुकडे.

व्यंकटराव साहेब तिथले मुख्य, ते रजेवर. दुसरं कुणी असतं तर त्यांना फोन लावला असता. कडूबाईनं न्हाई लावला. तिच्या सासरी गंगेकाठी रीत हाय; गोदावरीला तिकडं गंगाच म्हणतेत. देवानं अशी शेंदराची खोळ टाकली की दिवस मावळायच्या आत गंगेत सोडायची. कोऱ्या कापडात बांधून, अनवाणी न्यायची आन् सोडूस्तर कुणाशी एक शब्द बोलायचा न्हाई.

बारा वर्षं ऊस तोडला तिनं, अकरा वर्षं इथं रोजंदारी केली. जुन्या पायल्या, ढाली, निजामाची नाणी, एका वस्तूला कधी उघडं बोट लावलं न्हाई, शाळेच्या पोरायला लावू दिलं न्हाई. पण खोळ दिसली आन् ती नोकरीवरची बाई राहिलीच न्हाई. दोन्ही तुकडे कोऱ्या खणात बांधले, चप्पल तिथंच ठेवून गंगाखेडची एसटी धरली. कंडक्टरनं कुठं जायचं इचारलं, तर हिनं हातानंच शेवटपर्यंत म्हणून दाखवलं.

"मावशीचं मौन हाय का दाढ दुखायलीय?" कंडक्टर म्हणला. सगळी एसटी हसली. ही गठुडं छातीशी धरून बसली.

मंगळवारी रजेवरून आलेल्या व्यंकटरावांनी उघडा दगड बघितला, कडूबाईकडून सगळं ऐकलं आन् खुर्चीत बसूनच घेतलं. गुरुवारी वरच्या ऑफिसातल्या मॅडम तपासणीला यायच्या होत्या आन् फाईलीतल्या फोटोत दगड शेंदरासकट होता. सरकारी वस्तू गेली म्हणल्यावर काम तर जाईलच, पोलिसात बी द्यायचे, असं त्यांनी सांगितलं. मग दोन दिवस एकच धोशा लावला. पुसताना धक्का लागला म्हण. भुगा झाला, कचऱ्यात गेला म्हण. नोटीस येईल, बस. माणूस वाईट न्हाई. आपली खुर्ची बी वाचवायलेत आन् हिचं काम बी. कडूबाई नुसतं ऐकून घ्यायची. घरातली चूल तिच्याच रोजावर पेटायली, हे तिला सांगायची गरज नव्हती.

गुरुवारी अर्पिता मॅडम आल्या. वयानं कडूबाईच्या पोरीएवढ्या. हातात यादी, एकेका वस्तूवर खूण करत चालल्या. पायल्या झाल्या, ढाली झाल्या, नाणी झाली. वीरगळापाशी पेन थांबला. खोळीखालचं कोरीव काम काल केल्यावाणी होतं. तलवार घेतलेला गडी आन् खाली गायांची रांग. मॅडम बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग फोटो काढून शेंदूर कुठंय म्हणून इचारलं.

व्यंकटरावांनी घसा खाकरला. "सांग की, कडूबाई."

धक्का लागला, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हणायचं म्हणजे देवाला फडक्यानं पाडलं म्हणायचं.

"मी गंगेत सोडला, मॅडम. सोमवारी."

व्यंकटरावांनी कपाळाला हात लावला. मॅडम वरडल्या न्हाईत, त्यानं जास्तच भ्या वाटलं.

"मावशी, दर वर्षाचा एक थर होता त्यात. हा दगड किती वर्षं देव होता, ते मोजता आलं असतं. आता कुणालाच कळणार नाही."

हे कडूबाईच्या ध्यानात आलंच नव्हतं. तिनं दगडाकडं बघितलं आन् मान खाली घातली.

मॅडमनी जवाब लिहून वाचून दाखवला. शेंदराचं आवरण कर्मचाऱ्यानं कोणालाही न विचारता नदीत फेकून दिलं. व्यंकटरावांनी पेन पुढं केला. कडूबाईला सही तेवढी येती. तिनं पेन घेतला न्हाई.

"मी फेकलं न्हाई."

"नदीतच टाकलंस ना?" व्यंकटराव दात खाऊन बोलले. "सही कर, माझी आई. आणखी वाढवू नको."

"न विचारता नेलं, ते खरं हाय. ती माझी चूक. पण कोऱ्या खणात बांधून नेलं, साहेब. अनवाणी. फेकायला ते काय उष्टं होतं? काम गेलं तर जाऊ द्या, ह्याच्यावर माझी सही होणार न्हाई."

व्यंकटराव दाराकडं बघायले. मॅडमनी कागदाकडं बघितलं, मग कडूबाईच्या भेगाळलेल्या पायांकडं. खुर्ची ओढून बसल्या आन् एकेक इचारायला लागल्या. कापड कसलं, कोणता घाट, किती वाजता, ही रीत कुणी शिकवली, मौन कशासाठी. कडूबाई सांगत गेली, त्या लिहीत गेल्या. पान भरलं, उलटलं. 'फेकून दिलं' खोडलं आन् वर 'रीतीप्रमाणं विसर्जन केलं' लिहिलं. 'न विचारता' तसंच ठेवलं.

कडूबाईनं सही केली.

मग मॅडमनी निकाल सांगितला. महिनाभर काम बंद, चाव्या व्यंकटरावांकडं, पोलीस न्हाई. लिहिलेलं पान त्यांनी दगडाच्या फाईलीत फोटोमागं लावलं. आता ते बी दगडाचंच कागदपत्र, म्हणल्या.

कडूबाईनं कंबरेचा जुडगा सोडून टेबलावर ठेवला. व्यंकटराव दारापर्यंत मागं आले आन् हळूच इचारलं, महिनाभर दगड पुसायचा कसा.

"कोरडं फडकं घ्या, वरून खाली पुसा," ती म्हणली. "आन् पाणी लावू नका."